पुढची रिकामी पायडलं

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, पण तुमच्या ओळखीतली नव्हे. मला दोन सीट आहेत, दोन हँडल आहेत आणि पायडलांच्या दोन जोड्या आहेत. कुंभकोणम्‌च्या बाजारातून मी निघाले की रिक्षावालेसुद्धा मान वळवून बघायचे. थोडा तोरा होता मला, नाही कशाला म्हणू?

माझा जन्म कारखान्यातला नाही. चंद्रमौली मेस्त्रीने दोन मोडक्या सायकली कापून त्यांची एक केली, ती मी. ती करवून घेतली हरिकृष्णने, आपल्या धाकट्या भावासाठी, सुरेंद्रसाठी. घराणं तंजावरी मराठी, म्हणजे बाहेर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी. सुरेंद्रचे डोळे तो शाळेत असतानाच गेले. वेळेवर उपचार झाले असते तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले होते आणि ते वाक्य थोरल्या भावाच्या मनातून कधी गेलं नाही. लहान मुलांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनांसाठी मदत गोळा करत एक तुकडी दरवर्षी कुंभकोणम्‌हून रामेश्वरापर्यंत सायकलने जाते. तिच्यात आपण दोघांनी जायचं, असं हरिकृष्णने ठरवलं. पुढे तो, मागे सुरेंद्र.

माझी सगळी पायडलं साखळीने एकमेकांना बांधलेली आहेत. एक जोडी फिरली की दुसरी फिरतेच. मागच्याने पाय ढिले सोडले तर पुढच्याला लगेच कळतं आणि मलाही कळतं.

हरिकृष्ण रस्ताभर बोलत असायचा. "आतां पूल आला. पाणी गुडघाभरच आहे." "उजवीकडे बदकें. एक लंगडतें बघ." सुरेंद्र मागे बसून हसायचा. साक्कोट्टैचं देऊळ मागे पडलं, मरुदानल्लूर ओलांडलं, की चिंचेच्या झाडांची दुतर्फा रांग लागायची. दोघांनी लहानपणी तिथे दगड मारून चिंचा पाडल्या होत्या. ती झाडं सुरेंद्रने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली होती. "सावली आली, सुरेंद्रा," असं हरिकृष्ण म्हणायचा आणि सुरेंद्र शर्टाच्या बाह्या वर सारायचा. ती गार सावली दंडावर घेत जायला त्याला फार आवडायचं.

मग एका वर्षी रस्ता रुंद झाला. आम्ही तिथे पोहोचलो तर एकही झाड उरलेलं नव्हतं. हरिकृष्णचे पाय अडखळले. आता सांगेल, असं मला वाटलं. तेवढ्यात मागून सुरेंद्रने विचारलं, "अण्णा, चिंचा आल्या काय?"

"आल्या कीं," हरिकृष्ण म्हणाला. "सावली आली."

सुरेंद्रने भर उन्हात बाह्या वर सारल्या. पुढच्या वर्षी तेच झालं, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मी आपली कुरकुरले, तर चंद्रमौली मेस्त्रीने साखळीला तेल दिलं.

गेल्या वर्षी हरिकृष्ण रात्री झोपला तो उठलाच नाही. मी घरापुढच्या थिण्णैवर, त्या दगडी ओट्यावर, भिंतीला टेकून उभी होते. अंगावर धूळ चढली, चाकांतली हवा गेली. यंदाच्या सफरीचे दिवस आले तेव्हा हरिकृष्णची मुलगी नंदिता चेन्नईहून रजा काढून आली. "काका, मी पुढें बसतें," ती म्हणाली.

सुरेंद्रने हाताने माझी मागची सीट चाचपली. "सरि, बरं," तो म्हणाला, "एकदां जाऊं. अण्णासाठीं. मग हिला मोडींत द्या."

मित्रांनो, हे मी ऐकलं. माझा जीव त्या एका फेरीपुरता उरला होता.

पहाटे आम्ही निघालो. सगळ्यांच्या पुढे शिवकामी होती. ती डोळ्यांच्या दवाखान्यातली नर्स आणि तुकडीची प्रमुख. नंदिताला माझ्या लांबलचक अंगाची सवय नव्हती. बाजारातल्या वळणावर मी भाजीच्या गाडीला घासता घासता राहिले. पण ती हळूहळू सावरली आणि तिचे अप्पा सांगायचे तसं सांगू लागली. पूल सांगितला, बदकं सांगितली, देवळाचं गोपुर सांगितलं. वडलांच्या मागे बसून ती या रस्त्याने कधी गेली नव्हती, त्यामुळे बाकीचं तिला माहीत असायचं कारणच नव्हतं.

मरुदानल्लूर मागे पडलं. सुरेंद्र एक बाही वर सारत म्हणाला, "नंदिता, चिंचा आल्या काय?"

"कोणत्या चिंचा, काका? येथें झाडच नाहीं. रस्ता मोठा करतांना तोडलीं असतील. सगळं ऊनच आहे."

माझी मागची पायडलं एकदम जड झाली.

"कधीं तोडलीं?"

"फार वर्षं झालीं असतील. रस्त्याच्या मधोमध लावलेल्या कण्हेरी माणसाएवढ्या वाढल्या आहेत."

नंदिताने मला कडेला थांबवलं. शिवकामी आणि बाकीचे मागे फिरून आले. सुरेंद्रला चक्कर आली असं समजून कुणी पाण्याची बाटली पुढे केली. काही नाही, तुम्ही चला, असं त्यांना तो तमिळमध्ये म्हणाला. ते पुढे गेल्यावर मराठीत बोलू लागला.

"अण्णा दर वर्षीं सांगायचा, सावली आली. मज ऊनच लागायचं. मी समजलों, डोळे गेले, आतां ही कातडीही चालली."

"कोणाला सांगितलं नाहींत, काका?"

"काय सांगूं? अण्णा खोटं बोलेल काय?"

नंदिताने माझ्या हँडलवर डोकं टेकलं आणि ती रडली. मला हरिकृष्णचा राग आला. भावाकडून आणखी एक गोष्ट हिरावून घ्यायला त्याचं मन झालं नाही, एवढंच त्याचं चुकलं होतं, हेही मला कळत होतं. मेलेल्या माणसावरचा राग टिकत नाही. त्याचं वाईटच वाटत राहतं.

सुरेंद्रने बाही खाली ओढली. बटण लावलं. "चल," तो म्हणाला. "पुढें काय आहे तें सांग. आहे तेंच सांग."

तिने सांगितलं. पेट्रोल पंप सांगितला, बंद पडलेली भातगिरणी सांगितली, रस्त्यावर मेलेलं कुत्रंही सांगितलं. सुरेंद्र शेवटपर्यंत एकसारखे पाय मारत राहिला. रामेश्वर आलं तोवर त्याने सावलीचं नाव पुन्हा काढलं नाही.

मला त्याने मोडीत दिलं नाही. का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. नंदिता नोकरीवर परत गेली आहे. पुढच्या वर्षी येईन म्हणते, पण रजेचं काही सांगता येत नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, हवा भरा, हे तर मी म्हणेनच, कारण कुठलीही जुनी सायकल ते म्हणते. पण माझं मागणं त्याहून थोडं जास्त आहे. तुम्ही कधी पुढच्या सीटवर बसलात, तर मागच्याला रस्ता जसा असेल तसाच सांगा. झाडं नसतील तर नाहीत म्हणा. त्याला वाईट वाटलं तर थांबा त्याच्याजवळ.

रोज दुपारी सुरेंद्र थिण्णैवर येतो. मी स्टँडवर उभी असते. तो मागच्या सीटवर बसून पाय मारतो. माझं मागचं चाक हवेत फिरतं आणि पुढची पायडलंही फिरतात, रिकामीच. मग तो बाही वर सारतो आणि छपराबाहेर हात काढतो.

"ऊन," तो म्हणतो.

हात आत घेतो.

"सावली."

आणि पुढच्या सीटकडून कुणी काही म्हणेल म्हणून थोडा वेळ थांबतो.