काळा न बसणारा कागद

हात कोरडे आहेत ना? मग या जवळ. मी कागद बोलतोय. वहीचा नव्हे, वर्तमानपत्राचा तर मुळीच नव्हे. मी फोटो छापायचा कागद आहे. कापसाचा, जाड, अंगाने जरा खरखरीत आणि चकाकीच्या नावाने शून्य. सध्या एका ताईंच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर माझा मुक्काम आहे. अंगावर काच नाही, म्हणून आधी हातांची चौकशी केली. राग मानू नका.

सूत काढायला जे आखूड तंतू निरुपयोगी ठरतात, ते माझे पूर्वज. त्यांचा लगदा झाला, लगद्याची चादर झाली, रुळांखालून जाऊन मी सपाट झालो. मग माझ्या एकाच बाजूला शाई धरून ठेवणारा पातळ थर चढवला. दिसायला दोन्ही बाजू सारख्याच, पण मला उलटं छापलंत तर शाई फुटते आणि चांगल्या माणसाचं भूत होतं. अशी आम्ही पंचवीस भावंडं एका पाकिटात बसून मालकांच्या घरी आलो.

मालक फोटो छापणारे. उभं आयुष्य लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत गेलं, आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेऊन बसतात. पण छापतात अजूनही काळे-पांढरेच. आमची खरी बाजू ओळखायची त्यांची रीत मोठी मजेशीर होती. कागदाचा कोपरा ओल्या ओठांत धरायचे. ओठाला चिकटला की ती सुलट बाजू. पहिल्या भेटीतच असा मुका घेणाऱ्या माणसावर राग तरी किती धरणार?

राग धरण्यासारखं कारण मात्र होतं. चाचणीपुरती एक पट्टी छापून बघितली, दिव्याखाली धरली आणि मालकांनी निकाल दिला, "याच्यात काळा बसत नाही." झालं! आमची रवानगी थेट कपाटाच्या तळाला. वरच्या खणात चकचकीत भाऊबंद, त्यांच्याखाली रेशमी झळाळीचे. त्यांच्यावर काळा असा उतरायचा की मालक खूश होऊन दोन-दोन वेळा चष्मा पुसायचे. शिवाय माझ्यासाठी काळी शाई वेगळी लागते, ती बदलून घ्यायचा त्यांना भारी कंटाळा. तीन वर्षं मी तळाशी पडून होतो. तुम्हाला म्हणून सांगतो, जिवाला लागलं होतं ते.

मग एक दिवस ताई आल्या. मालकांच्या थोरल्या बहीण. साठी उलटलेल्या मालकांना त्या अजून 'छोट्या' म्हणून हाक मारतात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परस्पर इकडेच आल्या होत्या. नजर मधोमध पुसट होत चाललीय, औषधाने ते थोडं सावकाश होईल इतकंच, पुढच्या वर्षी चेहरे ओळखू येतील असं सांगता येत नाही, हे सगळं त्यांनी चहा पिता पिता भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं. मालकांचा चहा तसाच राहिला.

"आईचा तो शिलाई मशीनवरचा फोटो मोठा करून दे," ताई म्हणाल्या. "दिसतंय तोवर बघून घेते."

तो फोटो घरात सगळ्यांना पाठ. दातांत दोरा धरून मशीनवर बसलेली आई, कुणीतरी हाक मारली म्हणून वर बघणारी. मागे अर्धवट उघडं दार, दाराआड गडद काळोख. मालकांचा जीव त्या काळोखावर. असा काळा कुणाला जमत नाही, म्हणायचे. तो आणखी खोल करण्यात त्यांनी वर्षं घालवली होती.

आता तर ते हट्टालाच पेटले. चार दिवस पट्ट्या छापणं चाललं. पाठीमागे पेन्सिलीने शेरे, टेबलावरच्या दिव्याखाली ओळीने मांडामांड, जेवायला हाका मारून मारून मालकीणबाई थकल्या. शेवटी सर्वात चकचकीत कागद निवडला, उत्तम छापला, काच बसवली आणि दोघं नवराबायको तो ताईंच्या खोलीत लावून आले. ताई म्हणाल्या, छान झालाय हो.

घरी येताच मालकीणबाईंनी पर्स खाली ठेवली आणि म्हणाल्या, "अहो, त्यांना काही दिसलं नाही. तुम्ही बोलत होतात ना, त्या तुमच्या आवाजाकडे बघून छान म्हणत होत्या."

मालक चिडले. असं कसं होईल, इतका स्वच्छ छापलाय, वगैरे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एकटेच जाऊन ताईंच्या खुर्चीत बसून आले. समोरच्या काचेत अख्खी खिडकी उतरली होती. पडदा, गज, बाहेरच्या तारा, सगळं होतं. आई तेवढी नव्हती. चाळीस वर्षं कागद निवडणाऱ्या माणसाने कागद निवडला तो आपल्या टेबलावर, आपल्या दिव्याखाली, आपल्या डोळ्यांनी. ताईंच्या खोलीत जाऊन बघावं हे त्याला सुचलंच नाही. परत आले ते खाली मान घालून, आणि कपाटाच्या तळाशी हात घातला.

त्या दिवशी माझा नंबर लागला. कोपरा पुन्हा ओठांत धरला. शाई बदलली. मग आली खरी पंचाईत. माझ्यावर गडद भाग एकमेकांत मिसळून जातात, चिखल होतो. तो टाळायचा तर काळोख थोडा उजळवावा लागतो. मालकांनी मन घट्ट केलं आणि आयुष्यभर जपलेला तो काळा पायरीपायरीने हलका केला. तेव्हा दाराच्या कडेवर चार फिकट ठिपके वर आले. निगेटिव्हवरची बुरशी, मालक पुटपुटले. एरवी लगेच पुसलं असतं. पण आधी ताईंच्या खोलीत चकाकी तर बघू, डाग मग काढू, असं ठरवून त्यांनी मला छापलं. म्हणजे मी नुसता नमुना. समासात पेन्सिलीने लिहिलंय तसं.

मला हातांत धरून ते ताईंसमोर उभे राहिले. या खेपेला तोंडातून शब्द काढला नाही. ताईंनी मान जरा वाकडी केली. मग डोळ्यांना पाणी आलं.

"दोरा दिसतोय रे दातातला," त्या म्हणाल्या. मग बोट दाराच्या कडेशी आणलं. "आणि हे काय?"

"डाग आहेत, ताई. उद्या पुसून नवा आणतो."

"हात लावून तर बघ," ताई एकदम म्हणाल्या. "ती माझी बोटं आहेत, छोट्या."

कांजिण्या झाल्या होत्या म्हणून त्यांना फोटोच्या वेळी आत पिटाळलं होतं. तू पाळण्यात होतास, तुला काय आठवणार, म्हणाल्या. त्या दाराआड दार धरून उभ्या राहिल्या, रुसून. तेव्हा हाक मारली ती त्यांनीच, आईने वर बघितलं ते त्या हाकेवर. आईबरोबर आपला एकही फोटो नाही, असं त्या जन्मभर समजत होत्या. आणि मालक जन्मभर त्यांच्यावर काळा चढवत होते. बिचारे ताईंच्या खुर्चीपाशी खाली बसले. ताईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि वेडा रे वेडा, इतकंच म्हणाल्या.

डाग पुसून नवा फोटो मालकांनी पुढे छापलाच नाही. काचेतला उतरवून त्या जागी नमुनाच भिंतीवर लागला, समासातल्या पेन्सिलीसकट. माझं एवढंच मागणं आहे: फोटोचा कागद निवडाल तेव्हा ज्याला तो बघायचाय त्याच्या खुर्चीत एकदा बसून या. आणि डाग पुसण्याआधी घरातल्या थोरल्यांना विचारा.

ताईंची नजर आता बरीच गेलीय. सरळ बघितलं की मधोमध नुसता करडा ढग. म्हणून त्या आईकडे बघतच नाहीत. रोज खुर्ची ओढून समोर बसतात आणि दाराकडे, आपल्या चार बोटांकडे नजर लावतात. तिकडे बघितलं की बाजूला आई दिसते.