फिनलंडची प्राथमिक माहिती

एरो लाहतिनेन यांना बोललेलं समजतं की नाही, याचं उत्तर पद्मजाला गुरुवारपर्यंत द्यायचं होतं.

जाब्रियातल्या एका खासगी पुनर्वसन केंद्रात ती स्पीच थेरपिस्ट होती. नाशिकहून लग्न करून कुवेतला आली, तेव्हापासून इथेच काम करत होती. पक्षाघाताने वाचा गेलेल्या कितीतरी माणसांना तिने हिंदीत, इंग्रजीत, वेळ पडली तर मोडक्यातोडक्या अरबीतही बोलतं केलं होतं. एरो मात्र फिनलंडचे. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पावर पंपांचे तज्ज्ञ म्हणून आलेले, साठीच्या घरातले. झटका आला तो साइटवरच. उजवा हात गेला आणि इंग्रजीही गेलं. मातृभाषा शिल्लक होती की नाही, हे विचारायला केंद्रात फिनिश येणारं कोणी नव्हतं.

पद्मजा रोज चित्रांची कार्डं घेऊन बसायची. सफरचंद दाखवा. चमचा दाखवा. एरो कार्डाकडे बघायचे आणि तोंड भिंतीकडे फिरवायचे.

"गुरुवारी कंपनीची माणसं येणार आहेत," विभागप्रमुख डॉक्टर जहीर म्हणाले. "समजत असेल तर त्यांना उपचारासाठी मायदेशी पाठवतील. समजत नसेल तर शुश्रूषेच्या वॉर्डात हलवतील. तुमचं मत काय, पद्मजा?"

"मला अजून सांगता येत नाही, सर."

"गुरुवारी सांगावंच लागेल."

त्या दुपारी तिने कार्डं खणातच राहू दिली. फोनवर फिनलंड शोधलं, तर शाळकरी मुलांसाठी केलेलं इंग्रजी माहितीचं एक पान सापडलं. निदान गावाची, देशाची नावं तरी कानावर पडतील, एवढाच तिचा हिशोब होता. खुर्ची ओढून ती पलंगाजवळ बसली आणि सावकाश वाचू लागली.

"फिनलंडची राजधानी हेलसिंकी."

एरोंचं तोंड भिंतीकडेच.

"फिनलंड सहा डिसेंबर एकोणीसशे सतराला रशियापासून स्वतंत्र झाला. देशाचा तीन चतुर्थांश भाग जंगलाने व्यापलेला आहे. तळी एक लाख ऐंशी हजारांहून जास्त आहेत."

एवढी तळी वाचून ती स्वतःच थबकली. एरो हलले नाहीत. ती पुढे वाचू लागली, "फिनलंड हा स्कँडिनेव्हियातला एक देश आहे."

"एइ," एरो म्हणाले.

पद्मजा दचकली. तिला वाटलं, कुठेतरी दुखतंय. तिने बेल दाबली. नर्स रहिमा धावत आली, रक्तदाब बघितला, पोट दाबून पाहिलं, उशी सरळ केली.

"सगळं ठीक आहे, मॅडम. कण्हले असतील."

रहिमा गेल्यावर पद्मजाने तेच वाक्य पुन्हा वाचलं. एरोंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. कपाळाला आठ्या होत्या.

"एइ," ते पुन्हा म्हणाले. या वेळी जरा जोरात.

एरोंची बायको मार्या फिनलंडमध्ये तांपेरे गावी होती. खुब्याच्या ऑपरेशनसाठी ती दवाखान्यात होती आणि कालच घरी आली होती; तोवर तिला येताही आलं नव्हतं आणि फोनवर गाठताही. पद्मजाने तिला व्हिडिओ कॉल लावला आणि झालं ते सांगितलं.

"तुम्ही नेमकं काय वाचत होतात?" मार्याने विचारलं. तिचं इंग्रजी तुटक, पण स्पष्ट होतं.

पद्मजाने वाक्य वाचून दाखवलं. मार्याने चष्मा काढला. मग डोळे पुसत म्हणाली, "एइ म्हणजे नाही. आम्ही स्कँडिनेव्हियन नाही. आम्ही नॉर्डिक, उत्तरेकडचे; स्कँडिनेव्हिया आमच्या शेजारी. पाहुण्यांनी ही चूक केली की एरो त्यांना दर वेळी समजावत बसायचा. मला वैताग यायचा."

पद्मजाने फोन एरोंसमोर धरला. मार्या फिनिशमध्ये बोलत राहिली, बराच वेळ. एरो ऐकत होते. त्यांना एकदाच बोलता आलं, ते तिचं नाव. अर्धवट उच्चारलेलं, पण तिचंच.

एका शब्दावर डॉक्टर जहीर मान्य करणार नाहीत, हे पद्मजाला ठाऊक होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी ती त्यांना खोलीत घेऊन आली आणि मुद्दाम खऱ्याखोट्याची भेसळ करून इंग्रजीत वाचू लागली. राजधानी हेलसिंकी, यावर एरो गप्प. राजधानी स्टॉकहोम म्हटल्यावर ताबडतोब, "एइ." तांपेरे दोन तळ्यांच्या मध्ये वसलंय, यावर त्यांनी मान डोलावली. फिनलंडमध्ये हिवाळा कडक उन्हाचा असतो म्हटल्यावर पुन्हा "एइ."

जहीर हाताची घडी घालून उभे होते. ते पुढे झाले.

"फिनलंडच्या जंगलात उंट फार," ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले.

एरो त्यांच्याकडे बघत राहिले. मग हसले. चेहऱ्याची एकच बाजू हलली, पण हसू पुरतं कळलं. पलंगाची चादर बदलायला आलेली रहिमा चादर हातात धरून तशीच उभी राहिली.

"तुमचं उत्तर मिळालं," जहीर पद्मजाला म्हणाले. "इंग्रजीसुद्धा समजतंय यांना."

"हो. चमचा आणि सफरचंद दाखवत बसायचा त्यांना कंटाळा आला असावा."

गुरुवारी कंपनीची माणसं आली, त्यांनी मायदेशी पाठवण्याची कागदपत्रं केली आणि प्रवासाची व्यवस्था होईपर्यंत उपचार चालू ठेवायला सांगितलं. त्या काळात पद्मजाने रोज मार्याला फोनवर घेतलं. मार्या शब्द सांगायची, पद्मजा ओठांची ठेवण दाखवायची, एरो झगडायचे. पाणी, भाकरी, तळं, घर असे शब्द यायला लागले. कधी दिवसच्या दिवस वाया जायचे आणि एरो वैतागून पेला ढकलून द्यायचे. मग रहिमा पाणी पुसायची आणि काही न बोलता दुसरा पेला ठेवायची.

एकदा सराव संपल्यावर एरोंनी डावा हात उचलला आणि पद्मजाकडे बोट केलं. मग भुवया उंचावल्या. तिला आधी कळेना. कळलं तेव्हा ती पुन्हा खुर्चीत बसली. आजारपणात त्यांनी पहिल्यांदाच कुणाला काही विचारलं होतं.

"नाशिक," ती म्हणाली. "माझं गाव. नदीकाठी आहे. द्राक्षं पिकतात."

"ना... सिक," एरो म्हणाले.

ते मायदेशी निघाले त्या दिवशी पद्मजा रुग्णवाहिकेपर्यंत सोबत गेली. त्यांना न्यायला आलेल्या फिनिश नर्सला तिने शब्दांची सगळी तयारी नीट समजावून सांगितली. दार लागलं, गाडी सिग्नलपाशी वळली, आणि तिला एकदम रिकामं रिकामं वाटलं. ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकलं.

पुढे काही महिन्यांनी मार्याचा फोन आला. एरो काठी घेऊन एकटे कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते आणि राय या धान्याची भाकरी मागून घेऊन आले होते. दुकानदाराला दोनदा विचारावं लागलं, पण आणली ती नेमकी हवी तीच.

पद्मजाने हे रहिमाला सांगितलं. रहिमाने डोळे मिटून अल्लाचे आभार मानले. मग म्हणाली, "मॅडम, सात नंबरमध्ये नवीन पेशंट आलाय. नेपाळी बोलतो."

"बरं," पद्मजा म्हणाली आणि फोन काढून शोधायला लागली.