तीस पौंडांचा फरक

"दार उघड. बॉनेट राहू दे," डेल्मर म्हणाला आणि किल्ली हातात न घेताच ड्रायव्हरच्या दाराशी उकिडवा बसला.

दाराच्या चौकटीवर एक छोटं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून त्या गाडीत किती वजन चालेल, तो आकडा त्यावर छापलेला असतो. चोवीस वर्षं मी या गावात जुन्या गाड्या विकतोय. तो आकडा वाचणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं, आणि तेही माझ्याच शाळेतलं. बाकीचे लोक सीटवर बसून उड्या मारून बघतात, कप ठेवायच्या खाचा मोजतात आणि रंगावरून बायकोशी भांडतात.

"एक हजार साठ," तो म्हणाला.

"अरे, ओढते पाच हजार पौंड, ते वाच ना! तुझा ट्रेलर गच्च भरला तरी साडेतीन हजारांच्या आत."

"ओढायचं कोण विचारतंय, वेंडेल? उचलायचं विचारतोय मी."

"लेका, तू गाडी घेतोयस की हमाल?"

"हमाल बरा. जड झालं तर बोलतो तरी."

खिशातून त्याने घडी घातलेला कागद काढला. तो कागद एप्रिलपासून माझ्या ओळखीचा झाला होता. ट्रेलरचा दांडा गाडीच्या पाठीवर टाकतो तो भार चारशे दहा. ट्रेलर जोडायचा लोखंडी हिच सत्तर. डेल्मर एकशे नव्वद, त्याची बायको लाव्होन एकशे चाळीस. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित, दोनशे ऐंशी.

"तीस पौंड जास्त होतात," तो म्हणाला, कागदाची घडी घातली आणि गुडघे धरून उठला. शनिवारची दुपार संपली.

डेल्मर रिंकने एकतीस वर्षं गावाबाहेरच्या ट्रेलरच्या कारखान्यात काढली. त्याचं काम सगळ्यात शेवटी. तयार झालेला ट्रेलर काट्यावर चढवायचा, वजन टिपायचं, स्टिकर चिकटवायचं, फाटकाबाहेर सोडायचा. त्याच्या हाताखालून गेलेले ट्रेलर वाळवंटात गेले, समुद्रावर गेले, अलास्कापर्यंत गेले. डेल्मर दुपारचा डबासुद्धा त्याच काट्याशेजारी बसून खायचा. दरवर्षी उन्हाळ्यात लाव्होनला म्हणायचा, पुढच्या वर्षी आपणही नक्की जाऊ. पुढच्या वर्षी छत गळायचं, नाहीतर कारखान्यात जादा काम निघायचं.

निवृत्त झाला तेव्हा मुकादमाने त्याला कोपरा चेपलेला एक सोळा फुटी ट्रेलर स्वस्तात सोडला. लाव्होनने त्याला पिवळे पडदे शिवले. चौदा दिवस, उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या काठी, असं ठरलं. मग लाव्होनच्या मूत्रपिंडांनी काम थांबवलं.

आता दिवसातून चार वेळा घरच्या घरी डायलिसिस, म्हणजे पोटातल्या नळीतून जुनं पाणी काढायचं, नवं भरायचं. एका पिशवीत दोन लिटर औषधी पाणी, खोक्यासकट पाच पौंड. चौदा दिवसांच्या छप्पन्न पिशव्या. जंगलातल्या तळावर पोचवून देणारं कुणी नव्हतं. न्यायच्या त्या आपणच. ट्रेलरची स्वतःची मर्यादा पाण्याची टाकी, गॅस आणि अंथरुणातच संपत होती, म्हणून पिशव्या गाडीत. म्हणजे दोनशे ऐंशी पौंड. डेल्मरच्या कागदावर बाकी सगळं खोडूनखोडून कमी झालं होतं. खुर्च्या गेल्या, लोखंडी तवा गेला, लाव्होनचं शिवणाचं मशीन गेलं. तो आकडा तेवढा हलला नाही.

सगळा उन्हाळा मी त्याच्यासाठी गाड्या आणवल्या. एकीत वजन मावायचं, तर तिला ट्रेलर ओढवायचा नाही. दुसरी अख्खा ट्रकही ओढेल अशी, पण आत चार धष्टपुष्ट माणसं बसली की तिचा आकडा संपला. मोठा पिकअप दाखवला तेव्हा लाव्होन सोबत आली होती. तिने एक पाय उचलला, दाराची मूठ धरली आणि पोटावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"वेंडेल," ती म्हणाली, "यासोबत शिडी फुकट देतोस की क्रेन?"

डेल्मर हसला नाही. त्याने पिकअपचं दार लावलं. एसयूव्हीच हवी, आणि तीही मधल्या मापाची, हे त्या दिवशी पक्कं झालं.

मी त्याला सांगून पाहिलं, तीस पौंडांनी काही होत नाही, सगळे नेतात.

"सगळे नेतात," तो म्हणाला. "त्यातले उतारावर आडवे झालेले आमच्याकडेच परत यायचे, दुरुस्तीला. आत बायकांचे चष्मे सापडायचे."

"मग दोन दिवस कमी कर. बारा दिवस जा."

"चौदा सांगितलेत मी तिला." एकतीस वर्षं पुढे ढकललेल्या माणसाला त्यातले दोन दिवस कापणं जमेना, हे मला कळत होतं. पण कळून माझी गाडी विकली जात नव्हती, म्हणून मी मनातल्या मनात त्याला गाढव म्हणून घेतलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी लाव्होन एकटीच आली. खुर्चीत बसली, कॉफीला नको म्हणाली. पेल्यातला बर्फाचा एक खडा तेवढा तोंडात टाकला. तिला दिवसभराचं पाणी मोजूनच प्यायचं असतं.

"ती एक हजार साठवाली आहे ना अजून?"

"आहे. तुझा नवरा तिच्यावर नापास लिहून गेलाय."

"त्याने माझं वजन एकशे चाळीस धरलंय. पोटात पाणी भरलेलं असताना की काढल्यावर, ते विचारलंस का त्याला?" ती हसली आणि पेला हातात फिरवू लागली. "चार दिवसांच्या पिशव्यांचं किती होतं रे?"

"सोळा पिशव्या. ऐंशी पौंड."

"म्हणजे मावतंय."

"मावतंय काय, तुझं शिवणाचं मशीनसुद्धा मावेल. पण तो ऐकणार नाही. मी सांगून थकलो."

"तू विकायला सांगत होतास." तिने पेला टेबलावर ठेवला. "पोटाचं पाणी आता हवं तेवढं काम करत नाहीय. चार दिवसांच्या वर बाहेर माझ्याच्यानं निभणार नाही. सप्टेंबरपासून इस्पितळातलं मशीन. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास खुर्चीत. मग कुठलं सरोवर आणि कुठला ट्रेलर?"

"डेल्मरला काय वाटलं?" मी विचारलं.

"त्याला कुठे सांगितलंय?"

"लाव्होन!"

"येताना सांगीन. जाताना तरी त्याला सुखाने गाडी चालवू दे."

शनिवारी दोघं आली. डेल्मर सवयीने त्या एक हजार साठवाल्या गाडीच्या दाराशी वाकला, तेवढ्यात ती मागून म्हणाली, "अरे, एक सांगायचं राहिलं. नर्स म्हणते, चार दिवसांच्या वर घरापासून लांब राहायचं नाही."

तो वाकलेलाच होता. "कुठली नर्स?"

"ती नवी."

"नाव काय तिचं?"

"नाव काय करायचंय तुला, लग्नाला बोलवायचंय? चार म्हणाली, चार. सुपीरियर लांब पडतं. आपण मिशिगन सरोवराच्या वाळूच्या टेकड्यांवर जाऊ, दीड तासावर आहेत. मला पाणी बघायचंय, डेल्मर. कुठल्या सरोवराचं आहे ते मी विचारणार नाही."

माझ्या धंद्यात मी थोडंफार खोटं बोलतो. कमी चाललेली गाडी, एकाच म्हातारीच्या हातची गाडी, वगैरे. चांगलं खोटं कसं असतं ते मला समजतं. समोरच्याला ते मानायला सोपं जावं लागतं, आणि मानल्यावर त्याची मान खाली जाता कामा नये. मी खिडकीच्या काचेवरची धूळ पुसू लागलो.

डेल्मरने कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि बऱ्याच वेळाने दोनशे ऐंशीवर काट मारली. खाली ऐंशी लिहिलं. बेरीज केली, परत वरून खाली केली.

"एकशे सत्तर उरतात," तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता. हरवलेली वस्तू सापडावी, पण ती आपली नसावी, तसा चेहरा झाला होता त्याचा.

"खुर्च्या घे," लाव्होन म्हणाली. "दोन्ही."

सोमवारी दुपारी ती दोघं निघाली. त्याआधी डेल्मरने धान्याच्या कोठारावरच्या काट्यावर गाडी आणि ट्रेलर दोन्ही चढवून पाहिलं होतं, लाव्होनला आत बसवून. काटेवाल्याने मला फोन करून सांगितलं की डेल्मरच्या हिशोबापेक्षा वजन बावीस पौंड कमीच भरलं, आणि तेही त्याने कागदावर लिहून घेतलं.

ती चार दिवसांत परतायची होती. शुक्रवारी साडेचारच्या सुमाराला मी गाड्यांच्या काचांवर किमतीच्या पाट्या बदलत होतो. माझं आवार हमरस्त्याच्या सिग्नलवरच आहे. त्यांचं घर तिथून डावीकडे, तिसऱ्या गल्लीत. आधी हॉर्न ऐकू आले. मग ट्रेलर दिसला. ताशी तीस मैलांच्या वर जात नव्हता आणि मागे सात-आठ गाड्यांची रांग लागली होती.

ती दोघं सिग्नलला थांबली. डेल्मरने डावीकडचा दिवा लावला होता. मी हात केला. लाव्होनने काच खाली करून हात केला; नाक उन्हाने लाल झालं होतं तिचं. डेल्मरने माझ्याकडे पाहिलं नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून तो समोर बघत होता, आणि तिने त्याला सांगितलं होतं हे मला काचेतून कळलं.

सोळावी पिशवी दुपारीच संपली असणार. पुढची घरच्या कपाटात होती. फार तर तीन-चार तास त्यांच्या हाताशी होते.

डावीकडचा बाण हिरवा झाला. डेल्मर हलला नाही. मागचे लोक हॉर्नवर बसले. बाण परत लाल झाला, मग समोरचा दिवा हिरवा झाला. लाव्होनने नुसती काच आणखी थोडी खाली केली. डेल्मरने डावीकडचा दिवा बंद केला आणि ट्रेलर घेऊन सावकाश सरळ निघून गेला.