न हललेली माणसं

ओफेलिया सेर्तुचेने त्या वर्षीच्या उपवासकाळात गोडधोड सोडलं नव्हतं. ते काय, पोरंसोरंही सोडतात. तिने नेम धरला होता तो जिभेचा. ईस्टर येईपर्यंत कुणाची चूक काढायची नाही. सान अँटोनिओच्या नियोजन कार्यालयात एकतीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे तपासण्यात गेलेल्या बाईला हे व्रत जड होतं, पण उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून तेरा दिवस तिने ते निगुतीने पाळलं. चौदाव्या दिवशी, मंगळवारी, दालियाने तिच्या टेबलावर तक्ता आणून ठेवला.

"मद्रीना, एकदा नजर घाल ना यावर. शुक्रवारी मांडायचाय."

दालिया काव्हासोस तिची धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या पाण्यावर तिला धरलं ते ओफेलियाने, म्हणून ती मद्रीना. कॉलेज संपल्यावर या कार्यालयात चिकटवली तीही ओफेलियानेच. जन्म किती, मरण किती, आले किती, गेले किती, या चार आकड्यांवर शहराचं पुढचं पान लिहिलं जातं, हे पोरीला तिनेच शेजारी बसवून शिकवलं.

दर वसंतात गावातल्या बड्या मंडळींची न्याहारी असायची आणि तिथे साल २०६० मध्ये देशातली सगळ्यांत मोठी दहा शहरं कोणती असतील, ते वाचून दाखवायचं. एकोणीस वर्षं ते ओफेलियाने वाचलं. तिच्या हिशेबाने सान अँटोनिओ सातव्यावरून सहाव्यावर जायचं, बस्स. यंदा प्रूइट साहेब म्हणाले, "ओफेलिया, तुझं ते सहावं ऐकून लोक कॉफीतच डुलक्या घेतात. यंदा दालियाला करू दे."

दालियाच्या तक्त्यात सान अँटोनिओ चौथं होतं. फीनिक्सच्या वर, शिकागोच्या वर!

दोन आठवडे कार्यालयात दुसरा विषय नव्हता. जो तो दालियाच्या खुर्चीपाशी घुटमळायचा. साहेब तिला "आपली हुशार मुलगी" म्हणायचे. एकतीस वर्षांत ओफेलियाला ते "आपली ओफेलिया"सुद्धा म्हणाले नव्हते. ह्यूस्टनला गेलेला तिचा मुलगा महिन्यातून एकदा फोन करायचा, त्यानेही विचारलं, "आई, दालियाचं पेपरात आलंय म्हणे?" ओफेलियाने तोंडभरून कौतुक केलं आणि फोन ठेवल्यावर ओटा दोनदा पुसला.

तर तक्ता समोर आला. या धंद्यातलं माणूस आधी काय बघतं? आपलं घर ज्या गटात मोजलंय तो गट. ओफेलियाने बोट फिरवत आपली वसाहत काढली. 'बाहेरून आलेले' या रकान्यात अकराशे चाळीस माणसं होती.

ती चमकली. तिच्या वसाहतीत कोण आलं होतं? कुणीच नाही. आठ वर्षांपूर्वी हद्दवाढ झाली होती. एका सकाळी ती उठली तर शहरात होती! चूल तीच, अंगणातलं पिकॅनचं झाड तेच, भिंतीपलीकडून कुत्र्यावर ओरडणारा म्हातारा तोच. माणूस एक हललं नव्हतं, रेघ हलली होती. दालियाने त्या सगळ्यांना सामानसुमान घेऊन आलेले पाहुणे धरलं होतं. त्यात ओफेलियाही आली. नुसती ही वसाहत नव्हे, हद्दवाढीतल्या एकूणएक वसाहती तशाच. आणि वर हिशेब असा, की इतके पाहुणे २०६०पर्यंत वर्षानुवर्षं येतच राहणार.

सांगायला लाज वाटावी, पण तिला बरं वाटलं. छातीवरचा दगड कुणी अलगद उचलावा तसं.

संध्याकाळी दालिया पर्स खांद्याला लावून आली. "काय गं, सापडलं काही?"

"माझं व्रत आहे पोरी. मी कुणाच्या चुका काढत नाहीये सध्या."

"म्हणजे चूक आहे?"

"मी कुठे तसं म्हटलं?"

"मग पास!" दालियाने तिच्या गालाचा मुका घेतला. "तुझ्या नजरेतून सुटलं म्हणजे देवाच्याही नजरेतून सुटलं बघ."

"देवाला मध्ये आणू नकोस."

बुधवारी आणि गुरुवारीही ती नेहमीप्रमाणे चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला गेली. गुडघे टेकून तिने दालियासाठी प्रार्थना केली, की या मुलीला थोडी नम्रता दे. जपमाळेचे मणी सरकत होते, पण डोळ्यांपुढे शुक्रवार येत होता. भरलेलं सभागृह, कुणीतरी उभं राहिलेलं, दालियाचं उतरलेलं तोंड. मग साहेब मान वळवून म्हणणार, ओफेलिया, तू सांग. ती हे चित्र झटकून टाकायची आणि पुढच्या मण्याला पुन्हा काढून बघायची. व्रत मोडायचं नाही, असं तिने देवाला बजावलंसुद्धा.

शुक्रवारी न्याहारीला बटाटा आणि अंड्याचे टाको होते. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून बेकनच्या ताटाला अर्ध्या टेबलांनी शिवलं नाही. दालिया निळ्या जाकिटात उभी होती. "चौथं" म्हणताच टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि ओफेलियानेही टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच.

मग डलासहून आलेला एक निवृत्त गृहस्थ उठला. आवाज मऊ होता. "बाई, एक शंका. हद्दवाढीतून मिळालेली माणसं तुम्ही आलेल्यांतून वजा केलीत ना?"

दालिया कागदाकडे बघू लागली. एक पान उलटलं, पुन्हा मागे आली. गळ्यापासून कानापर्यंत लाली चढली. ओफेलियाने मनात रंगवलेलं चित्र जसंच्या तसं समोर होतं.

"तक्ता... माझ्या मद्रीनाने तपासलाय," दालिया म्हणाली. आवाजात लपवाछपवी नव्हती, लहान मूल मागे बघतं तसं तिने बघितलं. "ओफेलिया सेर्तुचे. मंगळवारी दिवसभर त्यांच्याकडे होता. काही असतं तर त्यांनी सांगितलं असतं."

सगळ्या माना वळल्या. साहेब म्हणालेच, "ओफेलिया, तू सांग."

नुसतं "घाईत राहून गेलं" म्हटलं असतं तरी भागलं असतं. कोण विचारणार होतं? ती उठली. हातातला रुमाल टेबलावर ठेवला.

"वजा केलेली नाहीत," ती म्हणाली. "त्या आलेल्यांत मी आहे. एकतीस वर्षं मी त्याच घरात राहते." लोक हसले. तिने हसू ओसरू दिलं. "मला हे मंगळवारीच दिसलं होतं. मी सांगितलं नाही."

आता कुणी हसलं नाही.

वाहनतळावर दालियाने तिला गाठलं. "का?"

"व्रत..."

"व्रताचं नाव काढू नकोस! मला तोंडावर शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं."

"तुला टाळ्या मिळत होत्या," ओफेलिया म्हणाली. "मला बघवत नव्हतं."

 दालिया रडेल असं वाटलं, पण रडली नाही. "गाडीत बस. हद्दवाढीचे सगळे गट तुला तोंडपाठ आहेत. मला नाहीत."

दुपारभर कार्यालयात दोघीच होत्या. ओफेलिया गटाचा क्रमांक आणि माणसं वाचायची, दालिया वजा करायची.  दालियाने कॉफी आणली ती एकाच पेल्यात, स्वतःपुरती. चार वाजता शेवटचा गट संपला आणि दालियाने बेरीज लावली.

"पाचवं," ती म्हणाली.

सहावं नव्हे. शिकागो तरीही खालीच राहिलं. एकोणीस वर्षं ओफेलियाने ह्यूस्टनला निघून जाणारी मुलं मोजली होती, आणि इथे येऊन घर मांडणारी दुसऱ्यांची मुलं तिने कमी धरली होती. पोरीने ती नीट धरली होती.

ओफेलियाला ते पुन्हा बघवेना. इतकं सगळं होऊनसुद्धा.

"पुन्हा एकदा लावून बघ," तिच्या तोंडून निघून गेलं.

दालियाने पुन्हा लावली. पाचवंच आलं.

"बरोबर आहे तुझं," ओफेलिया म्हणाली. मग तिने फोन उचलला आणि साहेबांचा नंबर लावून दालियाचं बरोबर असल्याचं त्यांनाही सांगितलं.