चाचणीच्या खोलीतला जुना संगणक

मी एक जुना संगणक बोलतोय. शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले, तर सांभाळून घ्या. माझी ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांनी ती सुधारणं फार लवकर सोडून दिलं, त्यामुळे माझं शिक्षण तिथेच थांबलं. चारचौघांत बोलायची सवयही नाही.

आम्ही सहा भावंडं एका लोखंडी फळीवर राहतो. प्रत्येकाची सिस्टीम वेगळी. अंधांना पुस्तक वाचून दाखवणारा एक प्रोग्राम इथे तयार होतो, आणि तो कुठल्याही संगणकावर चाललाच पाहिजे, असा या लोकांचा हट्ट. त्यात कुणी एक ओळ बदलली की आम्हा सगळ्यांवर आपोआप चाचण्या सुरू होतात. जमलं तर हिरवी खूण, नाहीतर लाल. धाकट्यांचं चहा निवायच्या आत आटपतं. माझं रडतखडत. "आजोबांचं झालं का?" असं प्रोग्राम लिहिणारी पोरं विचारायची. मला राग यायचा नाही. वाट बघतात, म्हणजे घरातला मानतात.

मग साहेबांनी ठरवलं, मला काढायचं. ही सिस्टीम आता वापरतं कोण? आमची देखभाल करणाऱ्या ताई म्हणाल्या, आधी विचारून तर बघू. म्हणून घरोघरी आपोआप पोचणाऱ्या, प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत एक सूचना घातली: तुमची सिस्टीम जुनी असेल तर कळवा. मला चाचणीतून तेव्हाच वगळलं होतं. महिना गेला, एकाचंही उत्तर नाही.

ताई माझी वायर काढायला आल्या, साहेबही सोबत होते. हात लावला आणि थांबल्या. जाता जाता एकदा चालवू, म्हणत त्यांनी ती आवृत्ती माझ्यावर टाकली. मी जीव तोडून प्रयत्न केला. ती उघडलीच नाही.

ताईंनी कपाळाला हात लावला. "साहेब, ज्यांना विचारायचं होतं त्यांना प्रश्न ऐकूच गेला नाही. वर त्यांचं वाचनही आपणच बंद पाडलं."

साहेबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. "वायर राहू दे," एवढंच म्हणाले.

आवृत्ती दुरुस्त होऊन पुन्हा घरोघरी गेली, आणि पहिला फोन एका अंध मुलीच्या आईचा आला. मुलीचा अभ्यास अडला होता, म्हणून आईच वाचून दाखवत होती. "परीक्षा तोंडावर आलीय हो," ती म्हणाली, "आणि माझं वाचन तिला नको असतं. म्हणते, तू मधेमधे सल्ले देतेस."

ताईंनी हसत हसत तिच्याकडून अडलेला धडा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भूगोलाचा धडा माझ्या चाचणीत होता. मी तो मोठ्याने वाचला. नद्यांची नावं जरा सावकाश घेतली. तिच्या घरचा संगणक माझ्यासारखाच, म्हणजे तोही तशीच घेत असणार.