चोपन्नावं फूल

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी हळकुंडने स्कूटरचा हार खाल्ला.

दिवस सरस्वती पूजेचा. चेन्नईत मैलापूरमधल्या एका तीन मजली इमारतीच्या तळाशी सात दुचाक्या आणि दोन मोटारी धुऊन, पुसून, चंदनाचे ठिपके लावून ओळीने उभ्या होत्या. प्रत्येक चाकाखाली एक लिंबू होतं. हळकुंड हा चौदा किलो वजनाचा, कुठल्याच जातीचा नसलेला, पिवळसर कुत्रा. दोन वर्षांपूर्वी तो अदितीला पेरुंगुडीच्या तिच्या ऑफिसबाहेर बसथांब्याखाली सापडला. अदिती सांगलीची, त्यामुळे असा रंग पाहून तिला दुसरं नाव सुचलं नाही. इमारतीतले लोक त्याला मंजळ म्हणत. तमिळमध्ये त्याचाही अर्थ हळदच.

अदिती खाली आली तेव्हा तो पुढच्या चाकाला टेकून बसला होता. नाकावर झेंडूच्या पाकळ्या, तोंडातून दोरा लोंबतोय. तिला हसू आलं. तिने फोटो काढून सांगलीला आईला पाठवला. खाली लिहिलं, ‘खंडेनवमी जोरात.’ गेल्या दसऱ्याला त्याने तिच्या वडिलांच्या मोटारसायकलचा झेंडूचा हार आंब्याच्या पानांसकट संपवला होता आणि संध्याकाळपर्यंत घोरत पडला होता. त्यापलीकडे काही झालं नव्हतं.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून सेतुमाधव डोकावले. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त गणित शिक्षक. घराणं तंजावरचं. त्यांचं मराठी तिथेच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं. ‘मामा, तुम्ही बोलायला लागलात की बखर ऐकल्यासारखं वाटतं,’ असं अदिती त्यांना महिन्यातून एकदा तरी ऐकवत असे.

“अदितीअम्मा, तुझ्या गाडीस दोन हार होते. एकही दिसत नाही?”

“दोन? मी एकच घातला होता मामा.”

“दुसरा मी घातला. पहाटे. तुझी गाडी बोडकी दिसत होती.” मग गॅलरीचा कठडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला. “अय्यय्यो. माझ्या हारात अस्की अरळी होती.”

अस्की म्हणजे सगळी, अरळी म्हणजे कण्हेर. चेन्नईत देवळाबाहेरच्या प्रत्येक फूलवाल्याकडे तिचे गुलाबी, लाल ढीग असतात. सांगलीत ती बांधावर लावतात, कारण शेळी तिला तोंड लावत नाही. शेळी का लावत नाही, हे अदितीला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने हळकुंडच्या तोंडातला दोरा धरला. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गुलाबी फुलं होती.

जिन्यावरून मामा आणि त्यांच्यामागे सरोजामामी उतरल्या. मामींच्या हातात पितळी तांब्या होता.

“मिठाचं पाणी आहे. तोंड उघड त्याचं. घटाघटा पाजू, अस्कं बाहेर पडेल.”

“नको,” मामा म्हणाले. “आधी डॉक्टर. डॉक्टर सांगेल ते पाजू.”

“डॉक्टर येईपर्यंत मी बघत बसू?”

“सरोजा, तांब्या खाली ठेव.”

मामींनी तांब्या खाली ठेवला. हळकुंडने त्याचा वास घेतला आणि शेपूट हलवली.

दहा पंचवीसला अदितीने पहिला फोन लावला. दवाखाना पूजेनिमित्त बंद होता. दुसरीकडे फोन वाजत राहिला. तिसरीकडे ध्वनिमुद्रित आवाजाने सणाच्या शुभेच्छा दिल्या. ती चौथा नंबर शोधू लागली. मामा ते पाहत होते.

“विद्यालक्ष्मी आहे की,” ते म्हणाले. “मंदवेळीस, इथून जवळच. तीही तंजावरचीच. आमचा पोपट तिनेच नऊ वर्षं सांभाळला. तिचा नंबर माझ्या वहीत आहे.”

“मग आणा ना वही!”

मामा जागचे हलले नाहीत. मामी त्यांच्याकडे पाहत होत्या.

अडचण वहीची नव्हती, वही कुठे होती याची होती. सरस्वती पूजेला घरातली पुस्तकं, वह्या, अवजारं देवीपुढे मांडतात. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला ती उचलेपर्यंत कुणी अक्षर वाचायचं नाही, लिहायचं नाही. सेतुमाधवांच्या घरी हा नियम घड्याळासारखा पाळला जाई. एका वर्षी मामींनी रेशमी कापडाखालून पंचांग ओढून राहुकाळ बघितला होता, तर मामा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. फोन नंबरांची वही आता त्याच कापडाखाली होती. वर चंदन, कुंकू, अक्षता. मामांना मोबाइलमध्ये नंबर साठवणं कधी पसंत पडलं नव्हतं.

“उदईक सकाळपर्यंत हात लावायचा नाही,” मामी हळूच म्हणाल्या. “बेचाळीस वर्षं ऐकतेय.”

“ऐकलंस ते बरोबरच ऐकलंस,” मामा म्हणाले आणि जिना चढले. गुडघे दुखत असतानाही त्यांनी दोन-दोन पायऱ्या घेतल्या, असं मामींनी नंतर सगळ्यांना सांगितलं. देवीपुढे त्यांनी हात जोडले, कापड उचललं आणि ढिगाऱ्यात खालून तिसरी असलेली वही ओढली. वरची सगळी पुस्तकं धडाधड कोसळली. मामा नंबर मोठ्याने वाचत खाली आले. त्यांच्या बोटांना कुंकू लागलं होतं.

दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. डॉ. विद्यालक्ष्मींनी प्रश्न भराभर विचारले. वजन किती, काय खाल्लं, कधी खाल्लं. अदितीने फोटो उघडून वेळ सांगितली.

“उलटी झाली? लाळ गळतेय? चालताना झोकांड्या?”

“नाही. शेपूट हलवतोय.”

“छान. काही पाजू नका. मीठ नको, दूध नको, अंडं नको. घशात बोटं घालू नका. हात पिशवीत घालून हाराचा राहिलेला भाग आणि खाली पडलेली फुलं उचला, सोबत आणा. मी दवाखाना उघडते. निघा.”

मामींनी तांब्या उचलून मोरीत ओतला.

कोपऱ्यावर एक रिक्षा उभी होती. दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधलेले, काचेवर विभूतीचे पट्टे. चालक मांडवातल्या नवरदेवासारखा नवं धोतर नेसून कोहळा हातात धरून उभा होता. पूजा संपायला फक्त कोहळा फोडायचा राहिला होता. मामांनी तमिळमध्ये तीन वाक्यांत प्रकार सांगितला. चालकाने कुत्र्याकडे पाहिलं, कोहळा रस्त्यावर आपटला आणि म्हणाला, “चढा. वर्षाची पहिली सवारी जीव वाचवायला निघतेय, याहून चांगलं काय हवं?” चाकांखालची तिन्ही लिंबं फुटली आणि रिक्षा सुटली.

मेट्रोच्या कामाचे पत्रे आणि रस्त्याभर फुटलेले, कुंकवाने लाल झालेले कोहळे चुकवत ती पळत होती. केळीची पानं आत येऊन मामांच्या तोंडावर फडफडत होती. हळकुंडला आयुष्यात इतकी मजा आली नव्हती. त्याने मान बाहेर काढली, एका केळीच्या पानाचा तुकडा तोडला.

“थूक! थूक म्हणते ना!” अदितीने त्याच्या तोंडात हात घातला. तुकडा आधीच गिळला गेला होता. “मामा, याला काही झालं तर...”

“हार माझा होता,” मामा म्हणाले. “मी मोजून ओवला होता.”

“मी ओरडत नाहीये तुम्हाला.”

“तू ओरड. मज बरं वाटेल.”

तिने ओरडण्याऐवजी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. हळकुंडने दोघांचेही कान चाटले.

दहा अठ्ठेचाळीसला ते पोचले. डॉ. विद्यालक्ष्मी दारातच होत्या. काठापदराची साडी, केसांत मोगरा, हातांत हातमोजे. त्यांच्या दवाखान्यातही पूजा मांडलेली होती. पाटावर कात्र्या, चिमटे, थर्मामीटर. मध्ये हृदयाचा आलेख काढायचं यंत्र, त्याच्या पडद्याच्या मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा. त्यांनी देवीकडे एकदा पाहिलं, “अम्मा, उदईकपर्यंत थांबता येत नाही,” म्हणाल्या आणि स्टेथोस्कोप उचलला. हळकुंडच्या छातीवर हळदकुंकवाचा गोल उमटला.

“ठोके शंभर. नियमित. कण्हेर हृदयाला धरते, त्यामुळे मी आता याच आकड्यावर नजर ठेवणार. खाऊन तास झालेला नाही, शुद्धीत आहे. इंजेक्शन देऊन उलटी काढते.”

चार मिनिटांनी हळकुंडने स्टीलच्या ट्रेमध्ये सकाळपासूनचं सगळं मांडलं. झेंडू. आंब्याची पानं. केळीचं पान. पूजेचा हरभरा, जो मामींनी “एकच मूठ” म्हणून गुपचूप दिला होता. आणि दोन कण्हेरीची फुलं.

“हारात किती होती, काही अंदाज?” डॉक्टरांनी विचारलं.

“चोपन्न,” मामा म्हणाले.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. “अंदाजे?”

“अंदाज कसला? एकशे आठाचं अर्ध. एकेक नाव घेऊन ओवतो मी.”

“असे पेशंटचे नातेवाईक मला रोज का मिळत नाहीत!” डॉक्टर म्हणाल्या आणि पिशवी टेबलावर रिकामी केली.

दोऱ्यावर अडतीस फुलं शाबूत होती. जमिनीवरून उचललेली सात. उलटीतली दोन. सत्तेचाळीस. सात फुलं कुठे आहेत ते माहीत नव्हतं. ती पोटातून पुढे गेली असतील तर हसण्यासारखं काही नव्हतं, आणि डॉक्टरांनी ते तसंच सांगितलं. त्यांनी हळकुंडला औषधी कोळसा पाजायला घेतला. मामांनी मामींना व्हिडिओ कॉल लावला.

त्यानंतरचा अर्धा तास इमारतीतली नऊ माणसं सणाच्या कपड्यांत स्कूटरींखाली आडवी झाली होती. मामी पदर खोचून, हातावर पिशवी चढवून, हुकूम सोडत होत्या. फोन कुणाच्या तरी हातात होता, त्यामुळे दवाखान्यातून बहुतेक वेळ टायर दिसत होते.

“एक! स्टँडच्या मागे!”

“अठ्ठेचाळीस,” मामा म्हणाले.

“दोन! हे अर्धं चावलंय.”

“पाकळ्या किती?”

“मी पाकळ्या मोजू आता?”

“देठ आहे का? मग एक धर. एकोणपन्नास.”

आणखी दोन पायपुसण्यात मिळाली. एक्कावन्न. दवाखान्याबाहेर थांबलेल्या रिक्षाचालकाने, न सांगता, मागची सीट उचकटून काढली आणि अदितीच्या ओढणीतून गळलेलं एक फूल केळीच्या पानावर ठेवून, नैवेद्यासारखं दोन्ही हातांनी आत आणलं. बावन्न. अदिती टाळ्या वाजवू लागली. काळ्या तोंडाचा हळकुंड तिला पाहून भुंकला.

“आणि शिलाई मशीन,” फोनमधून मामींचा आवाज आला. या वेळी तो बराच बारीक होता.

“शिलाई मशीनचं काय?”

“मशीनला कुंकू लावलं, पण फूल नव्हतं. तुमचा हार खुंटीला होता. एक ओढून घेतलं.”

“माझ्या ओवलेल्या हारातून?”

“मग काय शेजाऱ्यांच्या?”

“म्हणजे मी गाडीस घातला तो त्रेपन्नाचा होता?” मामांचा चेहरा पडला. “सरोजा, नामावळी मोडली की!”

“तुम्ही पुस्तकांचा डोंगर पाडलात सकाळी, तेव्हा काही मोडलं नाही होय?”

डॉक्टर भिंतीकडे तोंड करून हसत होत्या. “त्रेपन्न मिळाली, मामा. एक राहिलं. एक फूल मी क्षुल्लक धरणार नाही, आणि आली ती दोन फुलंही थोडी चघळलेली होती. उद्या सकाळी अकरापर्यंत हा माझ्याकडे. यंत्र लावून ठेवते.”

त्यांनी यंत्राच्या पडद्यावरचा टिळा पुसायला कापूस घेतला, मग विचार बदलला. हिरवी रेघ टिळ्याच्या खालून वर-खाली उसळत धावू लागली.

दुपारी मामी डबा घेऊन आल्या. सणाचं जेवण चौघांनी दवाखान्याच्या बाकावर बसून केलं, रिक्षाचालक चौथा. हळकुंडला डॉक्टरांच्या हुकमाने काही मिळालं नाही, आणि हा अन्याय त्याने तासभर बोलून दाखवला. तीन वाजता ठोके शहाण्णव. चार वाजता चौऱ्याण्णव. पाच वाजता एक ठोका चुकल्यासारखा वाटला. डॉक्टर दहा मिनिटं पडद्यासमोर उभ्या राहिल्या, मामा त्यांच्यामागे. तसं पुन्हा दिसलं नाही.

“मामा, घरी जाऊन पुस्तकं रचा,” अदिती म्हणाली. “देवी वाट बघत असेल.”

“रचीन. पुढल्या वर्षी तुझ्या गाडीस झेंडूच घालीन.”

“दोन हार घाला. एक याच्यासाठी.”

मामांनी वही मांडीवर उघडली. नियम सकाळीच मोडला होता, तेव्हा आता त्यांनी शाईचं पेनही काढलं आणि विद्यालक्ष्मींचा नंबर पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहिला. खाली त्या दिवसाची तारीख घातली.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी ठोके ब्याण्णव होते, नियमित. हळकुंड जागा होता, शेपूट सुरू होती, तोंड अजून काळंच होतं. चोपन्नावं फूल सापडलं नव्हतं.