मोरोपंतांनी फुकटात बसवलेला आवाज

पद्मजाबाई बोलायला लागल्या की रोहा स्टेशनातली गाडी शिट्टी द्यायला संकोचायची, असं लोक सांगत. त्यातलं निम्मं सोडून द्या. उरलेलं निम्मं मोरोपंतांनी अख्खा संसारभर दोन्ही कानांनी सोसलं होतं. म्हणून घशाच्या ऑपरेशनात बायकोचा आवाज कायमचा गेला, तेव्हा हे निवृत्त गणितमास्तर दवाखान्याच्या पायरीवर बसून चारचौघांदेखत रडले, आणि घरी येऊन लग्नानंतर पहिल्यांदाच दुपारचे गाढ झोपले. पुढे त्यांची तब्येत अशी सुधारली की सदऱ्याची बटणं आपणहून तुटायला लागली.

बाई आता पाटीवर लिहायच्या. 'काल पाहुण्यांसमोर मला मुकी गाय म्हणालात.' मोरोपंत पाटीकडे मोठ्या मायेने बघत.

"चष्मा सापडत नाही गं. उद्या वाचतो."

चष्मा खिशात असे. उद्यापर्यंत पाटी पुसलेली असे.

पेणला दिलेल्या मुलीने, स्पृहाने, एका भेटीत हे बरोबर हेरलं. पुढच्या खेपेला ती नवाकोरा कॉम्प्युटर घेऊनच आली आणि तो बाहेरच्या खोलीत मांडून म्हणाली, "बाबा, यात अजून काहीच नाही, नुसता सांगाडा आहे. ब्राउझर टाका, मराठी टायपिंग टाका. आणि सगळ्यात आधी ते लिहिलेलं बोलून दाखवणारं टाका. आईने टाइप केलं की हा मोठ्याने बोलेल. सगळं फुकट मिळतं. मीच टाकलं असतं, पण गाडीची वेळ झाली."

"तू जा निर्धास्त. फुकटातलं निवडायला अक्कल लागते, ती आहे माझ्याकडे."

आणि मोरोपंत निवडायला बसले. ब्राउझर तीन घेतले, एक रुसला तर दुसरा असावा. झिप फाइल उघडायचं घेतलं. झिप फाइल म्हणजे काय ते पुढे कळेल, म्हणाले. बुद्धिबळ घेतलं, पत्रिका मांडायचं घेतलं, फोटोतली माणसं कापून काढायचं घेतलं. पद्मजाबाई शेजारी स्टुलावर बसून होत्या. यादीत ते बोलणारं दिसलं की त्या पडद्यावर बोट ठेवायच्या.

"अगं, याचा आवाज बाप्याचा आहे. घरात परका पुरुष बोलायला लागला तर आळीत काय अब्रू राहील?"

बाईंनी पुन्हा बोट ठेवलं.

"फुकटात बोलतंय म्हणजे इथलं ऐकून बाहेर चुगल्या करत असणार."

पुन्हा बोट.

"आता जागाच उरली नाही बघ," मोरोपंत म्हणाले आणि दुसरं बुद्धिबळ घेतलं. "आणि बोटाचे डाग पडतात पडद्यावर. पूस ते."

बाईंनी पदराने डाग पुसला.

पण संक्रांत जवळ आली आणि शेजारची रंभा दारात येऊन उभी राहिली. "काका, गेल्या वक्ताला हळदीकुंकवाला काकूच्या बदली उखाणा तुम्हीच आतून म्हटलात, बाया हसून लोळल्या. काकू मोरीत जाऊन रडली, ते नाय कुणी बघितलं. यंदा ते मशीन बोलायला पायजे. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

तिकडून स्पृहाचा रोज फोन. शेवटी मास्तरांनी दातओठ खात ते बोलणारं बसवलं.

बसवलं, आणि त्यांना त्यात एक खिडकी सापडली. यंत्र एखाद्या शब्दाचा उच्चार चुकवत असेल तर तो सुधारायची सोय होती. डावीकडे लिहिलेला शब्द घाला, उजवीकडे म्हणायचा. जन्मभर पोरांची उत्तरं सुधारलेल्या हाताला खाज सुटली. बाई देवळात गेल्या होत्या. मोरोपंतांनी डावीकडे 'त्रास' लिहिलं, उजवीकडे 'आनंद'. मग 'खोटं' म्हणजे 'खरं'. 'नको' म्हणजे 'हवं'. चष्मा घालून, चहा गार होईपर्यंत ते जोड्या जुळवत होते.

हळदीकुंकवाला खोली बायांनी गच्च भरली. पद्मजाबाई काळी चंद्रकळा नेसून कॉम्प्युटरपुढे बसल्या आणि कित्येक दिवस मनात घोळवलेला उखाणा त्यांनी एका बोटाने टाइप केला. यंत्राने खणखणीत आवाजात म्हटलं:

"कुंडलिकेच्या काठावर वारा सुटतो गार, मोरोपंतांच्या संसारात आनंद झाला फार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी पडद्याकडे पाहिलं. तिथे 'त्रास' लिहिला होता, त्यांच्याच बोटाने. त्यांनी घाईघाईने लिहिलं, 'हे खोटं आहे.'

"हे खरं आहे," यंत्र म्हणालं.

"अगो बाय, केवढी ही माया!" रंभा म्हणाली.

'मला हे नको.'

"मला हे हवं."

बाया लाजून एकमेकींना कोपरखळ्या मारायला लागल्या. आत मोरोपंत तोंडात लाडू कोंबून हसत होते, हसता हसता ठसका लागला. बाईंनी हात उचलून मांडीवर ठेवले. त्या मान खाली घालून सर्वांना हळदीकुंकू लावत फिरल्या, तेही बायांनी लाजण्याच्या खात्यावर मांडलं. स्पृहाला फोनवरून सगळं ऐकवण्यात आलं. पोर पेणला बसून हमसून हमसून रडली. "बाबा, मी उगाच तुमच्यावर संशय घेतला."

त्यानंतर बाई रोज दुपारी कॉम्प्युटरपुढे बसत, काही न लिहिता नुसत्या एकेक खिडकी उघडून बघत. पत्ते खेळत असेल, मास्तर म्हणत.

शिमग्याच्या आधी एका सकाळी मोरोपंत फळीवरचा लाडवांचा डबा काढायला स्टुलावर चढले आणि स्टुलासकट स्वयंपाकघरात आडवे झाले. खुब्यात काडकन वाजलं. श्वास असा कोंडला की आवाज म्हणून निघाला तो पाण्यात पडलेल्या उंदराचा.

पद्मजाबाई आल्या. त्यांनी पाहिलं. रंभाचं दार हाकेच्या नाही तरी हाताच्या अंतरावर होतं, कडी वाजवली असती तरी पुरे होतं. बाई त्या दाराकडे न जाता कॉम्प्युटरकडे गेल्या. स्पृहाला फोन लावून तो यंत्राशेजारी ठेवला आणि टाइप केलं.

"तुझ्या बाबांना फार आनंद होतोय," यंत्र म्हणालं.

"हो? अरे वा!" पलीकडून स्पृहा हसली. "काय झालं एवढं?"

"पद्मजा," मोरोपंत फरशीवरून कुजबुजले, "ते शब्द... मीच बदललेत गं. दुसरं लिही. 'पडले' लिही."

बाईंनी मागे वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. माहीत होतं. ती खिडकी त्यांना हळदीकुंकवानंतर आठवड्याभरातच सापडली होती.

त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या.

"तुझ्या बाबांना फार आनंद होतोय."

"ऐकलं गं आई, किती वेळा तेच! राहू दे त्यांना खुशीत. माझा पहिला तास आहे, शाळेत निघालेय, रविवारी येते हं."

फोन बंद झाला. फरशीवरून बारीक आवाजात हाका येत होत्या. बाईंनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि ऐकणारं कुणी नसतानाही तेच वाक्य पुन्हा लिहायला घेतलं.